आधी रॅम्प बांधा, मग एटीव्ही चढवा

दिवाळीच्या सुट्ट्या जवळ आल्या की कर्जत, मुरबाड, अलिबागच्या फार्महाउसवर पावसाळाभर ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या एटीव्ही (रुंद टायरच्या, हँडलने चालवायच्या चारचाकी ऑफ-रोड गाड्या) दुरुस्तीसाठी मुंबईकडे निघतात. बहुतेकींची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे त्या रस्त्यावरून चालवत आणता येत नाहीत. मग पिकअप किंवा छोटा हत्ती ठरवावा लागतो. त्या चढवण्या-उतरवण्याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

आमची एटीव्ही सुमारे ३०० किलोची आहे. टेम्पोवाला म्हणतो, सेंट्रिंगच्या दोन फळ्या टाकू, दहा मिनिटांत चढेल. चालेल का? (मुलुंड)

नाही. टेम्पोवाल्यांचा अनुभव मोठा असतो, पण तो फ्रिज आणि कपाटं चढवण्याचा. ती स्वतःच्या चाकांनी फळीला मागे ढकलत नाहीत. एटीव्ही ढकलते.

चढताना मागची चाकं गाडीला वर रेटतात, म्हणजे तेवढ्याच जोराने फळीला खाली आणि मागे लोटतात. पुढची चाकं हौद्याच्या कडेला अडली की हा रेटा एकदम वाढतो. फळी वर कशालाही अडकवलेली नसली की तिचं टोक कडेवरून सुटतं आणि तीनशे किलोची गाडी चालवणाऱ्यासकट खाली येते. फळी मोडण्यापेक्षा ती अशी सटकण्याचं भय जास्त. मोडण्याचं भय आहेच. सेंट्रिंगच्या फळीला जुन्या खिळ्यांची भोकं असतात, गाठी असतात, आणि सिमेंटच्या थराखाली चीर गेलेली दिसत नाही. शिवाय चढावर वजन मागच्या चाकांकडे सरकतं, तेव्हा एकूण वजन चार चाकांवर सारखं वाटलं जाईल हा हिशेब चुकतो.

अॅल्युमिनियमचे आडव्या पट्ट्यांचे दोन रॅम्प घ्या किंवा भाड्याने आणा. प्रत्येकाची रुंदी किमान एक फूट हवी, कारण एटीव्हीचे मागचे टायर दहा इंचांच्या आसपास रुंद असतात. रॅम्पवर वजनक्षमतेचं लेबल असतं. तो आकडा एका रॅम्पचा की जोडीचा, हे विचारून घ्या. गाडी ३०० किलो, चालवणारा ७५ किलो, वर कॅरिअरवरचं सामान. जोडीची क्षमता याच्या दीडपट तरी असावी.

लांबीत कंजुषी करू नका. हौद्याची कड जमिनीपासून ३ फूट असेल, तर ७ फुटी रॅम्पचा चढ साधारण २५ अंश होतो, ८ फुटीचा २२, आणि १० फुटीचा साडेसतरा. कड पिकअप रिकामी असताना मोजा, कारण वजन आलं की स्प्रिंगचे पाटे दबतात आणि ती खाली जाते. आमच्या मते ३ फुटांच्या कडेला ८ फुटांपेक्षा लहान रॅम्प लावूच नये.

उंची कमी करण्याचा फुकटचा उपाय जागेतच असतो. पिकअपची मागची चाकं सखल भागात येतील अशी ती उभी करा, किंवा शेताच्या बांधाला पाठ लावा. सहा इंच जरी कमी झाले तरी त्याच ८ फुटी रॅम्पचा चढ २२ वरून १८ अंशांवर येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही रॅम्प वेगवेगळ्या रॅचेट पट्ट्यांनी (खटक्याने आवळायच्या जाड कापडी पट्ट्या) पिकअपला बांधा. पट्टी रॅम्पच्या वरच्या आडव्या पट्टीतून घालून खाली चासीला किंवा टो-हूकला अडकवा आणि रॅम्प पिकअपकडे ओढला जाईल अशी आवळा. बंपरच्या पत्र्याला अडकवू नका. मग दोघांनी मिळून रॅम्प मागे ओढून पाहा. जरासुद्धा हलला तर पुन्हा आवळा. फाळका साखळ्या सोडून पूर्ण खाली लोंबता ठेवा आणि रॅम्पचं टोक हौद्याच्या तळावर टेकवा. आडव्या फाळक्यावर टेकवलं तर सगळा भार त्या दोन साखळ्यांवर आणि बिजागऱ्यांवर जातो.

पिकअपचा हँडब्रेक ओढा, पहिला गिअर टाका, चाकांना ठोकळे लावा. रॅम्प घट्ट बांधला आणि पिकअपच पुढे सरकली, असंही होतं.

चालवत चढवताना पुढची चाकं उचलली गेली किंवा मधेच इंजिन बंद पडलं तर काय करायचं? (बोरिवली)

चाकं उचलली जातात ती दोन कारणांनी: चढ फार उभा असतो, किंवा थ्रॉटल (अॅक्सिलरेटर) झटक्याने दिला जातो. म्हणून फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चालू करा, लो गिअर लावा. रॅम्पच्या दहा-बारा फूट अलीकडूनच गाडी सरळ रेषेत आणा; रॅम्पवर गेल्यावर हँडल दुरुस्त करायला जागा नसते. हेल्मेट घाला. अंग पुढे झुकवा आणि चालण्याच्या वेगाने, एकसारखा थ्रॉटल धरून चढा. पुढची चाकं हौद्यात आली की थ्रॉटल कमी करत जा. मोठ्या पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट आणि एटीव्ही सात फूट, म्हणजे गाडी पूर्ण आत आली की केबिनची काच तिच्या तोंडापासून दोनच फुटांवर असते. छोट्या हत्तीत तर टीचभर जागा उरते. पुढे आडवा लाकडी ठोकळा आधीच ठेवा.

मधेच बंद पडली तर थ्रॉटलला हात लावू नका. अंग पुढे ठेवून पुढचा ब्रेक दाबा. मागे घसरत असताना मागचा ब्रेक एकदम दाबला तर खालची चाकं जागीच अडतात आणि गाडी तुमच्यावर उलटू शकते. पूर्ण थांबल्यावर मागचा ब्रेकही धरा. दोन रॅम्पच्या मधे पाय ठेवायला काही नसतं, म्हणून उडी मारून उतरायच्या फंदात पडू नका. ब्रेक हळूहळू सोडत सरळ मागे खाली या आणि पुन्हा सुरुवात करा.

काहीजण बसायला घाबरतात आणि बाजूने चालत, अंगठ्याने थ्रॉटल दाबत गाडी चढवतात. हे बसून चढवण्यापेक्षाही वाईट. गाडीने उसळी घेतली की माणूस तोल सावरायला हँडल घट्ट धरतो, आणि घट्ट धरताना अंगठा थ्रॉटल आणखी दाबतो. पाय तेव्हा चाकाच्या शेजारीच असतो.

गाडी चढत असताना रॅम्पच्या मागे आणि बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. घसरणारी एटीव्ही चार माणसांनाही हातांनी अडवता येत नाही.

गाडी सुरूच होत नाही. चार हमाल लावून ढकलावी का? (चेंबूर)

विंचने, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने, ओढा. खरं तर चालू गाडीसुद्धा विंचनेच चढवावी असं आमचं स्पष्ट मत आहे, कारण मग गाडीवर कोणी बसत नाही.

३०० किलोची गाडी २५ अंशांच्या चढावर धरायला सुमारे १३० किलोचा ओढ लागतो, टायरचा अडथळा धरून दीडशे समजा. हाताने फिरवायची ५०० किलोची रॅचेट विंच पुरते. ती केबिनमागच्या पाइपच्या जाळीला अडकवू नका. तो पाइप सामान केबिनवर येऊ नये म्हणून असतो, ओढ घ्यायला नव्हे. हौद्याच्या पुढच्या बाजूला चासीशी जोडलेला भक्कम बिंदू शोधा. एटीव्हीच्या बाजूचा हूक पुढच्या फ्रेमला हवा, बंपरच्या शोभेच्या नळीला नको. गिअर न्यूट्रल करा आणि हँडल सरळ धरून दोरीने बांधा, नाहीतर पुढची चाकं वळून गाडी रॅम्पवरून उतरेल.

वायर रोप ताणलेली असताना तिच्या रेषेत उभं राहू नका. तिच्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा, म्हणजे तुटली तरी फटका कमी बसतो. ड्रमवर निदान पाच वेढे शिल्लक राहू द्या आणि जाड हातमोजे घाला.

जमत असेल तर टोचनवाल्यांची हायड्रॉलिक फ्लॅटबेड बोलवा. तिचा पूर्ण हौदा तिरका होऊन मागची कड जमिनीला टेकते आणि विंच तिच्यावरच असते. भाडं पिकअपपेक्षा जास्त पडतं, पण बंद गाडीसाठी आम्ही तेच सुचवू.

दोन सुती दोरांनी बांधली तर कर्जत ते मुंबई पुरेल ना? (दादर)

पुरणार नाही. जोरात ब्रेक लागला की सामान आपल्या वजनाच्या सुमारे ०.८ पट जोराने पुढे जाऊ पाहतं, म्हणजे ३०० किलोच्या एटीव्हीसाठी २४० किलो. म्हणून पुढची चाकं हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवा आणि चार कोपऱ्यांना चार रॅचेट पट्ट्या लावा, प्रत्येक खाली आणि बाहेरच्या बाजूला तिरकी. लेबलवर दोन आकडे असतात, तुटण्याचा आणि कामाचा. कामाचा साधारण एक तृतीयांश असतो आणि हिशेब त्यानेच करायचा. तो प्रत्येकी ३०० किलोच्या वर असावा. हौद्याबाहेरच्या बारीक सळईच्या कड्या ताडपत्रीसाठी आहेत, त्यांना एटीव्ही बांधू नका.

पट्टी हँडलला किंवा प्लॅस्टिकच्या कॅरिअरला नको. फ्रेमला बांधली तर सस्पेन्शन एक तृतीयांश दबेपर्यंत आवळा. तरीही मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन आणखी दबतं, पट्टी क्षणभर सैल होते आणि उघडा एस-हूक तेवढ्यात निसटतो. म्हणून बंद तोंडाचे हूक वापरा. लांबच्या प्रवासात पट्ट्या चाकांजवळच्या ए-आर्मला (चाक आणि फ्रेम जोडणारी दांडी) लावणं अधिक बरं. मग वरची बॉडी हलली तरी पट्टीचा ताण तसाच राहतो.

पार्किंग ब्रेक लावा, पेट्रोलचा नळ असेल तर बंद करा, पट्टीची मोकळी टोकं गाठ मारून खोचा. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून चारही पट्ट्या हाताने दाबून पाहा. पहिल्या टप्प्यातच त्या सैल होतात. फाळका लागलाच पाहिजे. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये बाहेर आलेल्या मालासाठी २०,००० रुपयांचा दंड आहे. गाडी धरायला म्हणून हौद्यात माणूस बसवू नका.

बुलेटसाठीही हीच पद्धत का? (गोरेगाव)

रॅम्प बांधण्याचा नियम तोच. पण सुमारे १९५ किलोची बुलेट चालवत चढवू नका. चढावर थांबली तर पाय टेकायला जमीन मिळत नाही. एक रुंद रॅम्प मोटारसायकलला, शेजारी दुसरा चालणाऱ्याला, आणि पुढून विंच. पट्ट्या खालच्या ट्रिपल क्लॅम्पला (हँडलखाली पुढचे दोन्ही फोर्क धरणारा जोड) लावा.

अलिबागला पोहोचल्यावर किनाऱ्याजवळ उतरवायची आहे. उतरवणं तर सोपंच ना? (परळ)

उतरवताना माणूस घाईत असतो, आणि "आता खालीच तर यायचं आहे" म्हणून रॅम्प बांधायचे राहतात. उतरताना ब्रेक लागला की चाकं रॅम्पला खाली ओढतात. पुन्हा तशीच पट्टी, तशीच ओढून खात्री. पिकअप सपाट जागी उभी करून ठोकळे लावल्यावरच एटीव्हीच्या पट्ट्या सोडा.

रिव्हर्समध्ये, तोंड केबिनकडे ठेवून उतरा. अंग पुढे, थ्रॉटल बंद, पुढचा ब्रेक थोडा थोडा. वाट दाखवणारा एकच माणूस हवा, आणि तो मागे न थांबता पिकअपच्या बाजूला, रॅम्पपासून लांब, तुम्हाला दिसेल असा उभा राहील. विंच असेल तर तिनेच सैल सोडत खाली आणा. पाऊस पडून गेला असेल तर हौद्याचा चेकर्ड पत्रा आणि टायर फडक्याने पुसा, खाली रबरी मॅट टाका.

वाळूत पिकअप नेऊ नका, तिचीच चाकं रुततील. रस्त्याच्या कडेला घट्ट जमीन बघा. तिथेही माती भुसभुशीत असेल तर रॅम्पचा पाय एका बाजूने खचतो आणि गाडी त्या बाजूला कलते. पायाखाली रुंद, सपाट काहीतरी घाला, म्हणजे भार पसरतो. टेम्पोवाल्याकडची सेंट्रिंगची फळी या कामाला उत्तम: दोन्ही रॅम्पच्या खाली एकच आडवी.