पाणी कुणाचं, मासा किती इंचांचा

प्रश्न : मुलगा डॅलसला असतो. जानेवारीत आम्ही लेक फोर्क तलावावर क्रॅपी मासे धरायला गेलो. नातवाच्या गळाला ८ इंचांचा मासा लागला, तो ठेवावाच लागेल म्हणून गाईडनं सांगितलं. मार्चमध्ये दुसऱ्या तलावावर ९ इंचांचा सोडून द्यायला लावला. एकाच राज्यात असं उलटसुलट का? मे महिन्यात नातू इकडे येतोय, हिडकल धरणावर गळ टाकायचा म्हणतोय. चालेल का?
– एक आजोबा, शहापूर, बेळगाव

उत्तर : आजोबा, दोन्ही ठिकाणी तुम्हाला बरोबरच सांगितलं. टेक्सासचा सर्वसाधारण नियम असा, की क्रॅपी निदान १० इंच हवा आणि माणशी दिवसाला २५ च न्यायचे, पांढरा आणि काळा अशा दोन्ही जातींचे क्रॅपी मिळून. लेक फोर्कवर मात्र १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर मापाची अट उठते. थंडीत हा मासा खोल जाऊन बसतो. तेवढ्या खोलातून वर ओढला की पोटातली हवेची पिशवी फुगते, मग सोडला तरी बऱ्याचदा जगत नाही. लहान म्हणून परत टाकलेले मरणार आणि शिवाय मोठे २५ घरी नेणार, याला काय अर्थ? म्हणून लागेल तो ठेवायचा आणि २५ झाले की गळ गुंडाळायचा. मार्चच्या सुमाराला तोच मासा अंडी घालायला काठाशी उथळात येतो. सोडलेला जगतो, म्हणून मापपट्टी परत बाहेर.

मोजताना मासा पट्टीवर आडवा ठेवून तोंड टोकाला टेकवायचं आणि शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवायची. त्यानं जरा लांबी वाढते, पण ९ चे १० होत नाहीत, नातवाला सांगा. १७ वर्षांखालच्या पोरांना तिथं परवाना लागत नाही. तुम्ही स्वतः गळ टाकणार असाल तर बाहेरचे म्हणून तुम्हाला लागतो. स्टेट पार्कच्या काठावरून टाकलात तर तोही नको, माप आणि संख्या मात्र तिथंही पाळायची.

आता हिडकल. इथं इंचाच्या आधी पाणी कुणाचं ते विचारावं लागतं. आपल्याकडे धरणा-तळ्यांतली मासेमारी मत्स्यखातं ठेक्यानं नाहीतर परवान्यानं देतं. मी हे फटका खाऊन शिकलोय. खानापूरकडच्या एका तळ्यावर सकाळी सातला निवांत बसलो होतो, डब्यात तीन चिलापी आणि एक बऱ्यापैकी कटला. मागून एक जण आला, "काका, टेंडर आमचं आहे, पिल्लं आम्ही सोडल्यात." वाद घालण्यासारखं काही नव्हतंच. बाजारापेक्षा जास्त पैसे मोजले, वर कटला त्यानंच ठेवून घेतला.

तेव्हा 'मीनुगारिके इलाखे' अशी कन्नड पाटी असलेल्या कार्यालयात आधी जाऊन या. ठेका कुणाकडे, गळाला परवाना मिळतो का, दोन्ही विचारा. ठेकेदाराशी गोडीनं बोललं तर पोराच्या एका गळाला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण त्याचा होकार म्हणजे खात्याचा परवाना नव्हे. धुपदाळचं पाणीही हिडकलसारखं घटप्रभा नदीचंच, पण तिथं पक्षी अभयारण्य आहे. खानापूर तालुक्यात भीमगडचं वन्यजीव अभयारण्य. या दोन्हीकडे गळ पिशवीतून काढूच नका. चंदगडकडे सरकलात की राज्य बदललं, खातं बदललं. इथली चिठ्ठी तिथं चालत नाही. सुरुंग आणि विष घालून मासे मारणं तर १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, तरी ओढ्यात अजून कुठं कुठं 'धडाम' ऐकू येतं, ते वेगळं.

मुक्काम जूनपर्यंत लांबला तर पहिल्या पावसाला चढणीचे मासे निघतात, पोटात अंडी घेऊन. बॅटरी घेऊन ओढ्याला पळणाऱ्यांत लहानपणी मीही होतो. आता जात नाही. तुम्हीही पावसाळ्यातल्या बंदीचं कार्यालयात विचारून घ्या.

आणि क्रॅपी हा तिकडचा मासा, हिडकलला मिळायचा नाही, हे नातवाला आधीच सांगून ठेवा. कणकेत शेंगपेंड मळून न्या, रोहू तिला चांगला येतो.