एचआयव्ही आहे, गोळ्या चालू आहेत. लस घेतली तर चालते का? आणि डॉक्टरांना सांगावंच लागतं का?

तुम्ही लिहिलंय की चार वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, सीडी-फोर (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) ३८० आहे, व्हायरल लोडच्या (रक्तात व्हायरस किती, त्याच्या) रिपोर्टवर 'टीएनडी', म्हणजे व्हायरस सापडला नाही, असं आलंय. आणि कुणीतरी डोक्यात भरवलंय की लस टोचली की झोपलेला व्हायरस जागा होतो. वर गावातल्या डॉक्टरांसमोर तोंड उघडायची भीती. मी डॉक्टर नाही. २००९ पासून गोळ्या घेतोय, आणि आमच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, नवीन आलेल्यांशी बोलायचं काम काही वर्षं केलंय. तेवढ्या हिशोबाने वाचा.

आधी त्या जाग्या होणाऱ्या व्हायरसचं. ही अफवा अगदीच हवेतली नाही. लस घेतली की शरीरातल्या पेशी कामाला लागतात, आणि एचआयव्ही अशाच कामाला लागलेल्या पेशींत वाढतो. गोळ्या चालू नसतील त्याचा व्हायरल लोड काही दिवस थोडा वर जाऊ शकतो, मग खाली येतो. गोळ्या नियमित असतील तर काळजी करण्यासारखं काही होत नाही. फक्त लस घेतल्यावर महिनाभर व्हायरल लोडची तपासणी करू नका, म्हणजे उगाच रिपोर्ट बघून झोप उडायची नाही. आणि लसीने ताप आला म्हणून गोळी चुकवू नका, हे वेडेपण मी स्वतः केलेलं आहे.

खरा प्रश्न लस कोणत्या जातीची आहे हा. बहुतेक लसींत मेलेला जंतू असतो किंवा त्याचा नुसता तुकडा. फ्लू, न्यूमोनिया, हिपॅटायटिस बी (कावीळ बी), धनुर्वात, रेबीज, सगळ्या यातल्या. कोव्हिशिल्डमधला विषाणूसुद्धा शरीरात वाढूच शकत नाही. या लसी सीडी-फोर कितीही असला तरी अपाय करत नाहीत. कमी असेल तर लागू कमी पडतात, इतकंच. दुसऱ्या जातीत जिवंत पण कमजोर केलेला जंतू असतो: गोवर-रुबेला, कांजिण्या, आफ्रिकेत जाणाऱ्यांना लागणारी पीतज्वराची लस. इथे २०० हा आकडा लक्षात ठेवायचा. सीडी-फोर त्याच्या खाली असेल तर या घ्यायच्या नाहीत, वर असेल तर डॉक्टर ठरवतील.

आणि बीसीजी, म्हणजे टीबीवरची लस, नाहीच. सीडी-फोर ३८० असो की ८००, आपल्यासारख्या मोठ्या माणसाने ती घ्यायची नसते. हे मुद्दाम सांगतोय, कारण २०२४ मध्ये मोठ्या माणसांना बीसीजी द्यायची मोहीम निघाली होती. ज्यांना आधी टीबी होऊन गेला ते त्या यादीत होते, आणि आपल्यापैकी कितीजणांना एचआयव्ही कळला तोच टीबीच्या वेळी! आशाताई वही घेऊन दारात. घरात पाहुणे. आमच्या ग्रुपवर दिवसभर एकच चर्चा, काय सांगायचं? काही सांगायचं नाही. ती लस ऐच्छिक होती. 'ताई, मला नको' एवढं पुरतं. का नको, हे सांगायला आपण बांधील नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातूनच निघतं. मेलेल्या जंतूची लस घेताना टोचणाऱ्या नर्सला तुमचा आजार कळायची गरज नाही. जिवंत लसीचा विषय निघाला तर एकतर सांगा, नाहीतर नको म्हणा. सांगितलंत तर तुमच्या संमतीशिवाय ते सहसा पुढे कुणाला सांगता येत नाही, तसा २०१७ चा कायदा आहे. तो २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू आहे.

कायदा आहे म्हणून धीर येतोच असं नाही, हेही कबूल करतो. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या लोकांना ठरावीक आजार असेल तरच कोरोनाची लस मिळत होती. वीस आजारांची यादी होती, तिच्यात एचआयव्ही होता. मी तेव्हा ४७ चा. सेंटरच्या डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहून दिलं, मी चार घड्या घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि झेडपीच्या शाळेत जाऊन रांगेत उभा राहिलो. नोंदणीच्या टेबलावर कोण बसलेलं? आमच्याच गल्लीतला पोरगा, माझ्या पुतण्याचा दोस्त. कागद त्याच्या हातात द्यायचा, तो वाचणार, मग कॉम्प्युटरवर टिक करणार. माझ्यापुढे तीन माणसं उरली तेव्हा मी फोन आल्यासारखं केलं आणि बाहेर पडलो. कायदा मला पाठ होता बरं का, दुसऱ्यांना समजावून सांगायचो. १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना सुरू झाली, तेव्हा त्याच टेबलावर आधार कार्ड दाखवून घेतली. दुसरी लाट चढत असताना महिनाभर मी त्या एका कागदापायी लसीविना फिरलो.

एका ठिकाणी मात्र लाज गुंडाळून ठेवायची, कुत्रा चावल्यावर. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगा. नुसता ओरखडा असेल, रक्त आलं नसेल, तर इतरांना फक्त इंजेक्शनचा कोर्स देतात. आपली प्रतिकारशक्ती कमी धरून सोबत सिरमही (तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन) द्यावं लागतं. तुम्ही बोललाच नाहीत तर त्यांना कळणार कसं?

आता तुम्ही काय घ्यावं. फ्लूची दरवर्षी, पावसाळ्याच्या आधी. न्यूमोनियाची १३ वाली (१३ प्रकारच्या जंतूंवरची), आठ आठवड्यांनी २३ वाली, म्हणजे दोन वेगळ्या लसी. दोन्ही खाजगीत घ्याव्या लागतात आणि स्वस्त नाहीत, पण मी घेतल्या. नागिणीची नवी लसही जिवंत नाही, दोन डोसची आहे, पण किंमत ऐकून मी दुकानातून परत आलो. मला २००८ मध्ये नागीण झाली होती तेव्हा आईने मांत्रिकाकडे नेलं होतं, तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणे. एचआयव्हीसाठी रक्त तपासायला त्यानंतर आठ महिन्यांनी गेलो. बहिणींपैकी कुणी हे वाचत असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दल विचारा, त्या विषाणूने गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो: पॉझिटिव्ह बाईला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका साधारण सहापट असतो, आणि आपल्याला वय कमी असलं तरी तीन डोस लागतात. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची लस २०२३ पासून मिळते.

पण पैसे एकाच लसीपुरते असतील तर हिपॅटायटिस बीची घ्या. पसरायच्या वाटा त्याच, रक्त आणि संबंध. आधी रक्त तपासा. कावीळ बी आधीच निघाली तर लसीचा उपयोग नाही, पण घाबरू नका. एचआयव्हीच्या टीएलडी गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिवुडिन ही दोन औषधं तिच्यावरही चालतात. म्हणून तर ती गोळी मनाने बंद करायची नाही. रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर तीन डोस: आज, महिन्याने, सहा महिन्यांनी. घरच्यांचंही रक्त तपासून घ्या.

इथे लोक एक गोष्ट करत नाहीत. शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटीबॉडी तपासा. आपल्यात ही लस बऱ्याचदा लागू पडत नाही. १० च्या वर हव्यात, माझ्या आल्या ४. लॅबवाल्याला वाटलं रिपोर्ट चांगला आहे, 'काही नाही काका, एकदम कमी आहे' म्हणाला. मग डॉक्टरांनी पुन्हा तीन डोस दिले, दरवेळी दुप्पट मात्रा. त्यानंतर २१० आल्या. डोस लांबला तर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला घ्यायचा.

पुढच्या वेळी गोळ्या आणायला जाल तेव्हा गोळ्यांची नोंद असते त्या हिरव्या पुस्तकाच्या मागच्या पानावर लसींची नावं लिहून न्या, म्हणजे डॉक्टरांसमोर विसरायला होत नाही. आणि तारखा घरच्या कॅलेंडरवर मांडून ठेवा. मी कालनिर्णयवर त्या दिवशी 'गॅस' असं लिहायचो, कुणी विचारू नये म्हणून. वहिनीने एकदा पानं चाळत विचारलंच, 'भावजी, तुमचा सिलिंडर पाच-पाच महिने पुरतो होय?'