दोनदा ड्राइव्ह बदलला, फॉल्ट तोच

प्रश्न : इलेक्ट्रिकल डिप्लोमा करून मी आठ महिन्यांपासून मेंटेनन्समध्ये ट्रेनी आहे. पॅकिंग मशीनचा एक सर्व्हो ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि जागा सांभाळणारं युनिट) अधूनमधून ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो, म्हणजे व्होल्टेज जास्त झालं म्हणून बंद पडतो. आम्ही दोनदा ड्राइव्ह बदलला, तरी तेच. आपल्याला हे काम जमणारच नाही असं वाटू लागलंय. मेंटेनन्स सोडून पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामेबल कंट्रोलरचा) कोर्स करू का?

उत्तर : दोन ड्राइव्ह बदलूनही फॉल्ट तोच येतोय, म्हणजे बिघाड बहुधा ड्राइव्हच्या बाहेर आहे. एवढं तर तू शोधलंच आहेस, त्यामुळे ‘जमणार नाही’ हे मला पटत नाही.

अलार्म म्हणजे ड्राइव्हला काय जाणवलं त्याची नोंद. ते कशामुळे झालं, हे आपण शोधायचं असतं. म्हणून मॅन्युअल उघडण्याआधी एक बघ : ट्रिप नेमका कधी होतो? मशीन थांबताना होत असेल, तर त्या क्षणी मोटर जनरेटरसारखी वागते आणि फिरत्या लोडची ऊर्जा डीसी बसवर, म्हणजे ड्राइव्हच्या आतल्या डीसी पुरवठ्यावर, परत येते. ४०० व्होल्टच्या थ्री-फेज सप्लायवर हा बस एरवी ५६५ व्होल्टच्या आसपास असतो. वर चढलेली ऊर्जा ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायला हवी. रेझिस्टर ओपन झाला (आतून तुटला) असेल, त्याची वायर ढिली असेल किंवा उत्पादन वाढवायला कुणी डिसिलरेशन टाइम (वेग उतरवायला दिलेला वेळ) कमी केला असेल, तर बसचं व्होल्टेज चढतं आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. असा ड्राइव्ह दहा वेळा बदलला तरी फरक पडणार नाही. मशीन नुसतं उभं असतानाही ट्रिप होत असेल, तर आधी सप्लाय मोज.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. मेन स्विच बंद केल्यावरही बसच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहतो. ड्राइव्हवर लिहिलेली वेळ थांब, मग मीटरने डीसी बस मोज आणि त्यानंतरच हात घाल. सीनियर घाई करत असले तरीही. मोटरला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावायचा असेल, तर तिची केबल आधी ड्राइव्हपासून सोडव, नाहीतर धडधाकट ड्राइव्ह जळेल.

आता कोर्सचं. पीएलसी जरूर शिक, पण नोकरी सोडून नको. निदान वर्षभर तरी याच मशीनवर काढ. सोबत एक वही ठेव आणि प्रत्येक ट्रिपला तारीख, अलार्म, मशीन तेव्हा काय करत होतं, काय मोजलं आणि शेवटी काय निघालं, हे लिही. उदाहरणार्थ, एन्कोडरचा (मोटरची जागा सांगणाऱ्या सेन्सरचा) फॉल्ट दर वेळी अक्ष, म्हणजे मशीनचा हलणारा भाग, एकाच जागी आल्यावर येतो, हे अशा वहीतच दिसतं. मग ड्रॅग चेनमधली (हलत्या केबल धरून ठेवणाऱ्या साखळीतली), वाकून वाकून तुटत आलेली केबल सापडते. संध्याकाळी लॅडर (पीएलसीचा प्रोग्राम लिहायची पद्धत) वाचायला शिक, पुढे मोशन कंट्रोल. कमिशनिंगच्या (नवं मशीन बसवून सुरू करण्याच्या कामाच्या) मुलाखतीत तुला एखादा बिघाड विचारतील. तेव्हा वहीतलं एक पान नीट समजावून सांगितलंस, तर माझ्या मते ते सर्टिफिकेटपेक्षा जड ठरेल.

या आठवड्यात एवढं कर : पॅरामीटरचा जुना बॅकअप मिळाला तर आताच्या सेटिंगशी ताडून बघ. मग सप्लाय बंद करून, बस शून्यावर आल्याची खात्री करून रेझिस्टरच्या वायरी सोडव आणि ओहम मोज. त्याच्या प्लेटवर किती लिहिलेत आणि मीटरने किती दाखवले, दोन्ही मला कळव.