विमा लेकीच्या नावावर, कर्ज बापाच्या

प्रश्न : मुलगी बारावी कला शाखेत 87 टक्क्यांनी पास झाली. तिला राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करायचं आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात प्रवेश मिळतो आहे. वर्षाची फी साडेचार लाख, वसतिगृह-मेस दीड लाख. तिच्या नावावरच्या चाइल्ड पॉलिसीत 15 वर्षं दरसाल 60 हजार भरले, त्याचे आता 13 लाख आलेत. एजंट म्हणतात, हे पैसे नव्या हमी परताव्याच्या योजनेत ठेवा आणि फीसाठी 18 लाखांचं शैक्षणिक कर्ज काढा, प्राप्तिकराच्या '80 ई' कलमाखाली करही वाचेल. मुलगी दोनेक वर्षांत कलेक्टर झाली की कर्ज तीच फेडेल. काय करावं? माझं वय 48, पगार हातात 85 हजार, 58 ला निवृत्ती. गृहकर्ज 22 लाख बाकी, हप्ता 26 हजार. माझा वेगळा विमा नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : कर्ज काढू नका आणि 13 लाख त्या योजनेत अडकवू नका. तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मला घोर लागला आहे तो पत्रातल्या शेवटच्या वाक्याचा.

पंधरा वर्षं विमा कोणाचा होता? मुलीचा. घर चालतं तुमच्या पगारावर. मध्येच तुमचं काही बरंवाईट झालं असतं, तर त्या पॉलिसीतून घरी एक रुपया आला नसता. 'प्रीमियम वेव्हर' (पालक गेल्यास पुढचे हप्ते माफ होण्याची सोय) घेतला नसेल तर हप्तेही थकले असते. परतावा म्हणाल तर जेमतेम साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये साधारण 17 लाख झाले असते. विकणाऱ्याने ही चूक तुमच्या गळ्यात मारली, आणि आता तोच दुसरी घेऊन आला आहे.

आधी टर्म विमा घ्या, म्हणजे फक्त मृत्यूचं संरक्षण देणारा, परतावा नसलेला विमा. एक कोटीचा, 60 वर्षांपर्यंतचा. निर्व्यसनी आणि निरोगी असाल तर वर्षाला ढोबळ 25 ते 35 हजार. संपलेल्या पॉलिसीच्या 60 हजारांत तो बसतो, वर उरतं. अर्जात बीपी, साखर, तंबाखू काहीही लपवू नका. दावे तिथेच अडतात. डोक्यावर गृहकर्ज आहे, म्हणून पॉलिसी घेतानाच विवाहित स्त्री मालमत्ता कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे करा. मग त्या रकमेला देणेकरी हात लावू शकत नाहीत. हे नंतर करता येत नाही.

आता कर्ज. दर 10 टक्के धरा. दरवर्षी 6 लाख उचलले, तर अभ्यासक्रम आणि पुढची एक वर्षाची हप्त्यातली सूट संपेपर्यंत नुसतं व्याज 5 लाख 40 हजार. म्हणजे 23 लाखांवर फेड, दहा वर्षं, हप्ता 31 हजार. गृहकर्ज धरून 57 हजार. सुरुवात तुमच्या 52 व्या वर्षी, शेवट 62 व्या. शिवाय साडेसात लाखांच्या वर बँका सहसा तारण मागतात, आणि तुमचं घर आधीच गहाण आहे. '80 ई'ची वजावट फक्त व्याजावर, आठ वर्षं, तीही जुन्या करप्रणालीत. नवी निवडली असेल तर शून्य. दहा टक्क्यांनी उचलून सहा टक्क्यांच्या हमीत ठेवणं म्हणजे 13 लाखांवर दरसाल 50 हजारांचं नुकसान.

आणि खर्च 18 लाखांवर थांबेलच असं नाही. नव्या शैक्षणिक धोरणात तीन वर्षांत पदवी मिळते, ऑनर्स चौथ्या वर्षानंतर. ते केलं तर 24 लाख.

कलेक्टरचं गणित बाजूला ठेवा. यूपीएससीला अर्ज दहा लाखांच्या घरात, जागा हजाराच्या आसपास, त्यातल्या आयएएसच्या सुमारे 180. खुल्या गटात 32 वर्षांपर्यंत सहा संधी. मुख्य परीक्षेतला राज्यशास्त्राचा वैकल्पिक विषय 500 गुणांचा. तो कुठल्याही शाखेचा पदवीधर घेऊ शकतो, आणि महागड्या विद्यापीठाच्या पदवीला त्यात जादा गुण नाहीत. मुलीने प्रयत्न जरूर करावा, पण तिच्या यशावर तुमचा हप्ता टांगू नका.

विषय मात्र तिने उत्तम निवडला आहे. राज्यघटना, राजकीय विचार, तुलनात्मक शासनव्यवस्था, आंतरराष्ट्रीय संबंध हे सगळं शिकायला चांगलं ग्रंथालय आणि लिहून घेणारे शिक्षक लागतात. फर्ग्युसन किंवा स. प. सारख्या महाविद्यालयांच्या अनुदानित तुकडीत फी वर्षाला दहा-वीस हजारांच्या घरात असते. राहणं-जेवणं दीड लाख धरलं तरी चार वर्षांचे 7 लाख. दिल्ली विद्यापीठाला सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा लागते. तिने ती दिली नसेल तर यंदा तो रस्ता बंद. 'मायनर' म्हणजे जोडविषय म्हणून अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्र घ्यायला सांगा. निवडणुकांचे आकडे वाचता येणारा राज्यशास्त्राचा विद्यार्थी धोरण-संशोधनाच्या नोकरीत पुढे जातो. खासदारांसोबत काम करायची, पीआरएस या संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची 'लॅम्प' फेलोशिप आहे, तीन वर्षांची एलएलबी आहे, एम.ए. करून प्राध्यापकीसाठीची नेट परीक्षा आहे.

13 लाखांपैकी पहिल्या वर्षाचे पावणेदोन बचत खात्यात ठेवा. पुढच्या तीन वर्षांसाठी एक, दोन, तीन वर्षांच्या तीन एफडी करा. शेअर बाजारात यातलं काही नको, मुदत छोटी आहे. उरलेले 6 लाख चार वर्षांच्या एफडीत, एम.ए. किंवा एलएलबीसाठी. एजंटाचा फोन येईल. टर्म विम्याची वैद्यकीय तपासणी होईपर्यंत त्याच्या कुठल्याही कागदावर सही करू नका.