डेबियन लिनक्समध्ये जुना डायल-अप मॉडेम दिसत नाही, काय करू?

सोलापुरातल्या तुमच्या यंत्रमाग कारखान्याच्या ऑफिसात विंडोजवर चालणारा, फोन लाइनवरून इंटरनेट जोडणारा मॉडेम डेबियन टाकल्यावर गायब झाला, असं तुम्ही लिहिलंय.

आधी तो बसलाय कुठे ते बघा. कॅबिनेटच्या आत पीसीआय कार्ड असेल तर बहुधा विनमॉडेम आहे. त्यात सिग्नलचं बरंचसं काम कार्ड करतच नाही, विंडोजचा ड्रायव्हर करतो. त्याच्यामागे दिवस घालवू नका. सिरीयल पोर्टला लागणारा बाहेरचा मॉडेम मिळवा, त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. सिरीयल पोर्टचं नाव मात्र इथे वेगळं असतं: विंडोजचं कॉम-१ म्हणजे इथे टीटीवायएस-०, कॉम-२ म्हणजे टीटीवायएस-१. इथे हमखास गोंधळ होतो.

मग मिनिकॉम या मॉडेमशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'एटी' लिहून एंटर दाबा. 'ओके' आलं की मॉडेम जिवंत आहे. पोर्ट उघडायला परवानगी नाही असं आलं, तर तुमचा यूजर, पोर्ट वापरायची मुभा असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.

आमच्या नवी पेठेतल्या दुकानात 'ओके' यायचं, पण डायल केलं की 'नो डायलटोन'. रिसीव्हर कानाला लावला तर टोन खणखणीत! मॉडेमला आपल्याकडचा टोन ओळखताच येत नव्हता. डब्ल्यूव्हीडायल या नंबर लावणाऱ्या प्रोग्रॅमच्या इनिट (मॉडेमला सुरुवातीला जाणाऱ्या आज्ञेच्या) ओळीत 'एक्स३' घातलं. टोनची वाट न बघता त्यानं थेट नंबर लावला, आणि ती ओळखीची किर्र-खर्र ऐकू आली. तुम्हालाही हाच संदेश येत असेल तर पहिल्यांदा हे करून बघा.