मोठ्या भूकंपासाठी घराची तयारी कुठून सुरू करावी?

पाणी, टॉर्च, औषधं भरलेली बॅग तयार आहे, आता पुढे काय, असं तुम्ही विचारलंय. बॅग राहू द्या बाजूला, आधी कपाटं भिंतीला पक्की करा. इमारत धड राहिली तरी अंगावर सामान पडून आणि काचा लागून माणसं जखमी होतात.

छातीपेक्षा उंच प्रत्येक कपाटाला वरच्या दोन्ही कोपऱ्यांत लोखंडी एल-क्लॅम्प लावा. स्क्रू मागच्या पातळ प्लायमध्ये नको, हिसक्यासरशी तो प्लाय फाडून निघतो; चौकटीच्या जाड लाकडातच हवा. खरी गडबड होते ती भिंतीत. प्लॅस्टरच 15-20 मिलिमीटर जाड असतं, त्यामुळे आखूड गिट्टी (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकतात ती प्लॅस्टिकची नळी) नुसत्या प्लॅस्टरमध्ये बसते आणि धक्क्याला खपलीसकट बाहेर येते. प्लॅस्टर संपल्यावर विटेत किंवा काँक्रीटमध्ये किमान 50 मिलिमीटर आत जा. विटेची भिंत असेल तर ड्रिलमधून लाल भुकटी यायला लागली की समजायचं, वीट लागली. राखाडीच येत राहिली आणि ड्रिल सहज आत गेलं, तर दोन विटांमधला सिमेंटचा सांधा लागलाय. जागा थोडी सरकवा. भुकटी फुंकून काढल्याशिवाय गिट्टी ठोकू नका, पकड येत नाही. पोकळ किंवा हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर त्यासाठीच्या वेगळ्या गिट्ट्या मिळतात, त्याच घ्या.

जड सामान खालच्या कप्प्यात. स्वयंपाकघरातल्या कपाटांचे चुंबकी कॅच हादऱ्यात उघडतात, तिथे कडी बसवा. सिलिंडर उभाच ठेवून साखळीनं भिंतीला बांधा. हादरे थांबल्यावर गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करून बाहेर पडा. दिव्याचं बटण चालू तर नाहीच, बंदही करू नका. ठिणगी दोन्ही वेळा उडते.

पलंग खिडकीपासून लांब हवा, उशाशी भिंतीवर फ्रेम नको. बूट आणि टॉर्च पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा. नुसते खाली ठेवले तर सरकतात, नाहीतर त्यांच्यातच काचा पडतात.

पाणी माणशी रोज 4 लिटर धरा. चौघांना तीन दिवसांचे 48 लिटर, आणि हे अगदी कमीत कमी.

एक मात्र क्लॅम्पनं सुटत नाही. तळमजल्यावर भिंती नसून नुसत्या खांबांवर पार्किंग असेल, तर सगळा ताण त्याच मजल्यावर येतो. स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा आणि खांबांना जॅकेटिंग (खांबाभोवती सळ्या आणि काँक्रीटचा नवा थर) पुरेल की काँक्रीटच्या भिंती घालाव्या लागतील, हे त्याच्याकडून लेखी घ्या.