पोट आधीच आहे, मग सरप्लस कशाला?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वय २९, उंची १७२ सेंमी, वजन ७४ किलो, हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेलं. जिम लावून तीन महिने झाले. ट्रेनरने सांगितलं, 'आधी बल्क कर, कटिंग नंतर बघू' (म्हणजे आधी भरपूर खाऊन वजन वाढव, चरबी नंतर उतरवू), म्हणून रोज केळी-पीनट बटरचा शेक सुरू केलात. वजनात चार किलोंची भर पडली आणि आता पँटचं बटण लागत नाही. कॅलरी सरप्लसशिवाय, म्हणजे गरजेपेक्षा जास्त कॅलरी खाल्ल्याशिवाय, मसल वाढतच नाही का, हा प्रश्न.

वाढते. आणि तुम्हाला तर सरप्लसची काहीच गरज नाही. शेक उद्यापासून बंद.

स्नायू वाढायला वजनं उचलण्याचा ताण लागतो, प्रोटीन लागतं आणि ऊर्जा लागते. यातल्या पहिल्या दोघांना पर्याय नाही. ऊर्जा मात्र ताटातूनच यायला हवी असं नाही, ती अंगावरच्या चरबीतूनही मिळते. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. उलट स्नायूत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे त्यात साठलेली ऊर्जा चरबीपेक्षा खूपच कमी. घरातली कणगी भरलेली असताना उधारीवर पोती आणण्यासारखं चाललंय तुमचं. (चरबीचा स्नायू 'बनत' नाही, ती फक्त इंधन पुरवते. हा गैरसमज जिममध्ये फार आहे.)

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१६ सालचा प्रयोग बघा. जादा वजनाचे ४० तरुण, चार आठवडे, गरजेपेक्षा ४० टक्के कमी कॅलरी, आणि आठवड्यातून सहा दिवस घाम काढणारा व्यायाम. एका गटाला शरीराच्या किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन, दुसऱ्याला २.४. पहिल्या गटाचं लीन मास (चरबी सोडून शरीराचं बाकीचं वजन) जवळपास तेवढंच राहिलं. दुसऱ्याचं १.२ किलोने वाढलं आणि चरबी ४.८ किलो उतरली, तेही उपाशीपोटी म्हणावं अशा डाएटवर! अर्थात लीन मासमध्ये पाणीही मोजलं जातं, आणि वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्या, मुळात चरबी कमी असलेल्या माणसाकडून ही अपेक्षा ठेवू नये. तुम्हीही एवढी कपात करू नका. रोजची तूट ५०० कॅलरींच्या आसपास गेली की ताकद वाढत राहते, पण स्नायूंची वाढ अडते, असं बऱ्याच अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसलंय.

सरप्लस कोणाला लागतो? ज्याच्या बरगड्या मोजता येतात अशा पोराला, किंवा पाच-सात वर्षं नीट ट्रेनिंग करून अडकलेल्याला. तिथेही बेतानेच. नॉर्वेच्या अव्वल खेळाडूंवरच्या एका अभ्यासात एका गटाने दुसऱ्यापेक्षा रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त खाल्ल्या. स्नायूंमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही, चरबी मात्र १५ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या गटाची वाढली होती ३ टक्के.

आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) २२.३. शरीरातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! वरून सडपातळ, आतून चरबीदार, हा आपला ठरलेला नमुना. गोऱ्या यूट्यूबरचा बल्किंग प्लॅन आपण डोळे मिटून उचलला की पहिलं पोटच पुढे येतं.

आता करायचं काय? किलोमागे १.६ ग्रॅम धरलं तर तुम्हाला दिवसाला ११८ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. तुम्ही अंडी खाता म्हणून सोपं आहे: चार अंडी म्हणजे २४ ग्रॅम प्रोटीन, सोयाबीनच्या वड्या ५० ग्रॅम (कोरड्या असताना मोजा) २६, पनीर १०० ग्रॅम १८, अर्धा लिटर दूध १६. उरलेलं दोन वाट्या घट्ट वरण, पोळ्या आणि दह्यातून निघतं. वड्या गरम पाण्यात भिजवून दोन-तीनदा घट्ट पिळा, नाहीतर तो वास भाजीभर उतरतो. दूध-पनीर गाईचं किंवा टोन्ड घ्या, नाहीतर कॅलरी मागच्या दाराने परत येतील. किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

वजनकाट्यावर फार विसंबू नका. शिंप्याचा टेप घ्या आणि आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, बेंबीपाशी कंबर मोजा, पोट आत न ओढता. जिममध्ये वही न्या. १५ किलोचं डंबेल आठ वेळा उचलत होतात ते महिन्याभरात अकरा वेळा जातंय, कंबर उतरतेय आणि वजन तसंच आहे, तर गाडी बरोबर चालली आहे. कंबर ८६ सेंमीच्या, म्हणजे उंचीच्या निम्म्याच्या, बरीच आत आली आणि नीट झोप, पुरेसं प्रोटीन असूनही वहीतले आकडे दोन-तीन महिने हललेच नाहीत, तर रोज २०० कॅलरी वाढवा. दोन चपात्या, बस्स.